अप्पांच्या भिंतीवरचा ठिपका

अप्पा गोगट्यांच्या घरात शिरायचं म्हणजे आधी झडती द्यावी लागे. उंबऱ्याच्या आत अप्पा, बाहेर आपण. "लोखंड बाहेर," अप्पा म्हणत. नमस्कार नाही, या-बसा नाही. मग खिशातल्या किल्ल्या काढायच्या, छत्री कोपऱ्यात उभी करायची, चाकू, टाचण्या, जे काय असेल ते ओसरीवरच्या वेताच्या टोपलीत टाकायचं. चपलांना खिळे असतात म्हणून चपला पार अंगणाच्या टोकाला, तुळशीपलीकडे. एकदा मी घाईत कमरेचा पट्टा तसाच ठेवून आत गेलो. अप्पांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मनोहर, पितळी बक्कल घे. नाहीतर धोतर नेस." मी ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो, पण साहेबापुढेही कधी एवढा वरमलो नव्हतो. माझी बायको तर त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जाताना केसांतले आकडे घरीच काढून ठेवी आणि सुटणारा अंबाडा एका हातानं धरून जाई.

हे डोंबिवलीतलं. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. गावात नवी घरं उठत होती, तरी आमची आळी स्टेशनपासून चांगली लांब, भातशेतीच्या कडेला होती. आळीत अप्पा, त्यांची बायको माई, शेजारी आम्ही, आणि सगळ्यांच्या वरताण म्हणजे अप्पांची सुई.

सुई म्हणजे बोटभर लांबीचा लोहचुंबक. अप्पा भूमापन खात्यात मोजणीदार होते. होकायंत्र आणि साखळी घेऊन त्यांनी अर्धा जिल्हा मोजला होता. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात. अप्पांनी माईंची लोणच्याची काचेची बरणी रिकामी केली, तिच्यात तो लोहचुंबक रेशमी धाग्यानं टांगला आणि त्याला आरशाची एक टिकली लाखेनं चिकटवली. खिडक्या बंद करून समई लावायची, चष्म्याच्या जुन्या भिंगातून तिचा उजेड त्या टिकलीवर पाडायचा, की समोरच्या भिंतीवर बोराएवढा ठिपका उमटे. सुई केसभर वळली तरी ठिपका बोटभर सरके. तो सरकला की अप्पा मान वर करून कौलांकडे बघत आणि दबक्या आवाजात म्हणत, "वर काहीतरी चाललंय."

धागा माईंच्या लग्नातल्या शालूतून ओढलेला होता. "लोकांच्या शालूला कसर लागते," माई सांगत, "माझ्या शालूला हे लागले."

दिवसाढवळ्या काळोख केलेली खोली, तेवती समई आणि तिच्यापुढे ताठ बसलेला माणूस. पलीकडच्या आळीतल्या म्हाताऱ्यांना वाटे, गोगट्यांकडे अनुष्ठान चाललंय. त्या दारातूनच हात जोडून जात. एकीनं तर नारळ आणला. अप्पांनी तो घेतला, पण आधी तिच्या बांगड्या कशाच्या आहेत ते विचारलं. भाजी विकायला येणारी पदूबाय मात्र कधी उंबऱ्यापर्यंतसुद्धा आली नाही. "मना नको आंत बोलावू," ती अंगणातूनच ओरडे, "माजे कमरंला कोयती हाय." त्यामुळे गोगट्यांकडे भाजीचा सगळा सौदा अंगणाच्या दोन टोकांवरून, आळीला ऐकू जाईल अशा आवाजात चाले.

एकदा अप्पांना सणकून ताप भरला. डॉक्टर आले. अप्पांनी अंथरुणातून हात वर केला, "बॅग बाहेर." डॉक्टरांनी बॅग ओसरीवर ठेवली आणि नुसती नाडी पाहिली. मग म्हणाले, इंजेक्शन द्यावं लागेल. तेव्हा अप्पा घोंगडी गुंडाळून, भिंत धरत धरत स्वतः ओसरीवर गेले, इंजेक्शन घेऊन आले आणि आत आल्या आल्या आधी ठिपका जागेवर आहे ना ते पाहून मग आडवे झाले.

पण अप्पांचा खरा दावा विजेच्या गाड्यांशी होता. गाडी सुटली की रुळांतली वीज थोडीथोडी जमिनीत झिरपते, आणि स्टेशन एवढं लांब असूनही बरणीतली सुई दचकते. अप्पांना पकडायचा होता सूर्य, आणि हाती लागत होती कल्याणहून सुटलेली लोकल. काही महिन्यांत त्यांना ठिपक्याच्या उडीवरून गाडी ओळखू यायला लागली. मग काय, आळीतला प्रत्येक चाकरमान्या सकाळी डबा घेऊन त्यांच्या खिडकीशी थांबू लागला. "अप्पा, आमची हलली का?"

"हे स्टेशन नाही," अप्पा आतून खेकसत. मग आतूनच आवाज येई, "कल्याण सोडलंन. चाल लवकर."

त्यांची मोठी इच्छा एकच होती. "एक दिवस गाड्या बंद राहू देत रे. एकच दिवस. मी आणि सूर्य, मध्ये कोणी नको." हे ते ज्या तळमळीनं म्हणत, त्या तळमळीनं लोक पोरींची लग्नं ठरावीत म्हणून बोलतात.

आता तुम्ही विचाराल, सूर्यानं या माणसाचं काय घोडं मारलं होतं? सूर्यानं नाही, वसंतानं.

वसंत त्यांचा एकुलता एक मुलगा. मालवाहू जहाजावर वायरलेसचा अधिकारी. घरातून असा निघाला की वर्ष-वर्ष दिसायचा नाही. एकदा नॉर्वेच्या अगदी वरच्या बंदरातून त्याचं पत्र आलं. त्यानं लिहिलं होतं की काल रात्रभर वायरलेसवर नुसती खरखर होती, कोणाचा आवाज कोणाला पोचत नव्हता. आणि डेकवर जाऊन बघतो तर आकाशात हिरवा उजेड. "आईचं हिरवं इरकली लुगडं कोणीतरी तारेवर वाळत घातलंय आणि वारा सुटलाय असं वाटत होतं." अप्पांनी पत्रावरची तारीख पाहिली, उठले आणि भिंतीपाशी गेले. ठिपका गाड्यांमुळे नव्हे तर आपला आपण सरकला, की ते तिथे पेन्सिलीची खूण करून खाली तारीख घालत. बरोबर आदल्या दिवसाची खूण तिथे होती. ठिपका वीतभर सरकला होता आणि दुसऱ्या दिवसापर्यंत परत आला नव्हता.

त्या दिवसापासून अप्पा आवरेनात. मला त्यांनी खाडीवरच्या मिठागरांचं उदाहरण देऊन समजावलं. "हे बघ मनोहर, सूर्यावर डाग पडतात. तिथून कणांचा झोत सुटतो. वारा म्हण हवं तर. तो पृथ्वीवर येऊन आदळतो. पण पृथ्वी म्हणजे मोठा लोहचुंबकच, तिच्या चुंबकत्वाचा भोवती बांध आहे. मिठागराला असतो तसा. भरतीचं पाणी बांधावर आपटतं, आत घुसतं कुठून? उघाडीतून, बांधातल्या पाण्याच्या दारातून. तशा पृथ्वीला दोन उघाड्या, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. कण तिथे उतरतात, वरच्या हवेवर पडतात आणि हवा उजळते. तो वसंतानं पाहिलेला हिरवा उजेड, अरोरा. आणि पाण्याचे धक्के बसून सबंध बांध हादरतो ना, ती माझी सुई." मग एकदम आवाज खाली आला. "म्हणजे बघ, त्याच्या आकाशात लुगडं हललं, की माझ्या भिंतीवर ठिपका हलतो. मध्ये टपाल नाही, काही नाही."

पुढे बऱ्याच वर्षांनी शास्त्रज्ञांनीही त्याला वाराच म्हटलं, सौर वारा, हे मी वर्तमानपत्रात वाचलं आणि मला अप्पांची फार आठवण झाली.

त्या भिंतीला मग कधी चुना लागला नाही. दिवाळीला बाकीच्या तीन भिंती पांढऱ्याशुभ्र, आणि चौथी तारखांनी भरलेली. माईंनी त्यावरून एकदाच तोंड उघडलं आणि मिटलं. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्या घरात "वसंताचं पत्र आलं का?" असं कोणी विचारीत नसे. माई हात पुसत दारात येत आणि विचारत, "आज ठिपका कसा आहे?" अप्पा म्हणत, "जरा हलतोय. वर काहीतरी चाललंय. अशा दिवसांत वायरलेस चालत नाही, जहाजं रेंगाळतात, मग टपालही रेंगाळतं." माई "बरं" म्हणून आत जात. पत्र आलं नाही, यात वसंताचा दोष नसे, दैवाचा नसे. दोष सूर्याचा. आणि सूर्याला कोण काय बोलणार?

त्या हिवाळ्यात वसंताचं पत्र आलं की आता लिव्हरपूलला निघतोय, पोचलो की तार करीन. पोचायचे दिवस आले आणि गेले. तार आली नाही.

मग मी कचेरीत एक बातमी वाचली. पानाच्या तळाशी, चार ओळींची. उत्तरेकडच्या समुद्रात मोठं तुफान, एका मालवाहू जहाजाशी बिनतारी संपर्क तुटला आहे. जहाजाचं नाव नव्हतं. नाव नसलेली बातमी किती वाईट असते ते मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी मी तो अंक घडी करून बंडीत घातला आणि अप्पांकडे गेलो. त्यांच्याकडचा अंक माईंच्या हातात होता. पानाच्या तळाशी चौकोनी भोक.

"हे बघ," माई मला म्हणाल्या, "हे म्हणतात उंदरानं खाल्लं. उंदीर शिकलेला दिसतो. बरोबर बातमीच्या कडेकडेनं खाल्लंय."

अप्पा समईची वात पुढे सारत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. मी माझा अंक बाहेर काढलाच नाही. माईंनीही त्या भोकातली बातमी कुठे वाचायला मिळेल हे मला विचारलं नाही, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

त्यानंतरचा आठवडा मला अजून नको वाटतो. माई सकाळी विचारीत, दुपारी विचारीत, दिवेलागणीला विचारीत. "ठिपका कसा आहे?" आणि अप्पा दर वेळी, "हलतोय. बराच हलतोय." ठिपका हलतच होता, पण तो गाड्यांनी. हे अप्पांना माहीत होतं, मला माहीत होतं. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "पण अप्पा, तार तर समुद्राखालच्या केबलमधून येते ना?" अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पट्टा घालून आलोय की काय असं मला वाटलं. "केबललाही त्रास होतो," ते म्हणाले. "सूर्य केबलला सोडतो असं वाटलं तुला?" शास्त्राच्या दृष्टीनं ते खोटं नव्हतं. पण म्हणताना त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

आणि मग तो दिवस आला. सकाळी मी स्टेशनवर गेलो तर सगळा शुकशुकाट. वरची विजेची तार कुठेतरी तुटली होती, दोन्ही बाजूंच्या गाड्या बंद. दुपारपर्यंत काही सुरू होत नाही असं कळलं. मी मागे फिरलो. पहिला विचार अप्पांचा. जन्मभराचा नवस फळला या माणसाचा. मी आनंदानं झपाझप चालत आलो आणि अंगणातूनच ओरडलो, "अप्पा, गाड्या बंद! सगळ्या बंद!"

किल्ल्या टोपलीत टाकताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी उंबऱ्याशीच थांबलो.

खोलीत अंधार होता. समई संथ जळत होती. अप्पा भिंतीसमोर बसले होते आणि ठिपका भिंतीवर खिळला होता. मी त्या घरात तो ठिपका इतका स्थिर कधी पाहिला नव्हता. गाडी नाही, सूर्य नाही. वर काहीसुद्धा चाललेलं नव्हतं. वायरलेस चालायला हवा होता, केबल चालायला हवी होती, जगातली सगळी जहाजं एकमेकांशी बोलत असायला हवी होती.

"सकाळपासून असाच आहे," अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले. एवढ्या वर्षांत ज्याची वाट पाहिली तो दिवस समोर होता, आणि त्या माणसाच्या कपाळावर डिसेंबरात घाम होता.

माई आतून आल्या. मी अंगणात काय ओरडलो ते त्यांनी ऐकलं होतं. त्या नेहमीसारख्या दारात थांबल्या नाहीत. आत येऊन भिंतीशी बसल्या, पदरानं हात पुसले आणि खूप वेळ ठिपक्याकडे बघत राहिल्या. मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

"ठिपका कसा आहे?" त्यांनी विचारलं.

समोर दिसत असताना विचारलं. उजवा हात अप्पांनी हळूच बंडीच्या खिशात घातला, थोडे एका अंगावर कलून बरणीच्या बाजूला सरकले.

ठिपका हलला. संथपणे डावीकडे गेला, हातभर गेला, थांबला, थरथरला आणि परत फिरला. पुन्हा गेला.

"बघ," अप्पा म्हणाले. "आता कुठे सुरू झालं. गाड्या बंद आहेत, म्हणजे हे निव्वळ सूर्याचं. वर काहीतरी चाललंय. मोठं चाललंय."

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. त्यांच्या खिशाच्या तोंडाशी मला अडकित्त्याचं टोक दिसलं. घरातल्या तव्यासकट ज्या माणसानं सगळं लोखंड मागच्या पडवीत हद्दपार केलं होतं, ज्यानं माझा पट्टा सोडवला, डॉक्टरांना बॅग बाहेर ठेवायला लावली, तो माणूस सुपारी कातरायचा अडकित्ता खिशात घालून स्वतःच्याच सुईपाशी बसला होता. आणि अप्पा सुपारी खात नसत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे बघायला लागलो. मला त्या क्षणी त्यांच्याइतकं जवळचं कोणी वाटलं नाही.

माई ठिपक्याबरोबर मान हलवत होत्या. "मग खरंच," त्या म्हणाल्या. "एवढं वादळ असल्यावर तार कशी यायची."

तेवढ्यात अंगणात सायकलची घंटा वाजली.

त्या काळी तारवाला दारात आला की आधी रडणं सुरू व्हायचं, मग तार फोडली जायची. आमच्याकडे कोणी रडलं नाही. कोणी हललंही नाही. तारवाला आळीचा माहीतगार. अप्पांनी त्याला चांगलं वळण लावलेलं. त्यानं सायकल कुंपणाला टेकवली, तुळशीपलीकडे चपला काढल्या, ओसरीवर आला आणि सवयीनं एकेक वस्तू टोपलीत टाकायला लागला. किल्ल्या. पायाला लावलेली सायकलची क्लिप. मग पट्ट्याचं बक्कल सोडायला लागला. ते अडकलं. तार त्याच्या काखेत.

"थांबा अप्पा, निघत नाही हो," तो म्हणाला. "कालच घट्ट केलेलं."

"आत ये," अप्पा म्हणाले.

"बिल्लापण लोखंडीच आहे बहुतेक."

"अरे, तसाच ये आत!"

तारवाला घाबरला. इतकी वर्षं त्या उंबऱ्यावर असं कोणी बोललं नव्हतं. तो बिचकत आत आला आणि ठिपका भिंतीवरून सुटून आढ्याकडे पळाला. अप्पांनी तार घेतली. उलटसुलट करून पाहिली. त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी फोडली, समईजवळ धरली, इंग्रजीतले शब्द वाचले, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"मनोहर," माई म्हणाल्या.

"सुखरूप आहे," मी म्हटलं. "लिव्हरपूलला पोचला. वादळात वायरलेसचा खांब मोडला होता. सुखरूप आहे, माई."

तारवाल्यानं सुटकेचा श्वास टाकला, समईला हात जोडले आणि पट्टा सावरत निघून गेला. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. अप्पांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"म्हणजे सूर्याचं काही नव्हतं," माई म्हणाल्या.

"नव्हतं."

"मग तो अडकित्ता द्या इकडे. आठ दिवस झाले, मला पडवीत सापडत नाहीये. खिसा फाटेल तुमचा."

अप्पांनी मान खाली घातली. खिशातून अडकित्ता काढला आणि शाळेत पकडलेल्या पोरासारखा पुढे केला. माईंनी तो घेतला. आत जाऊन सुपारी आणली आणि पडवीत न जाता तिथेच, बरणीपासून हातभर अंतरावर बसून त्या सुपारी कातरायला लागल्या. अडकित्ता उघडे-मिटे आणि ठिपका भिंतीवरून आढ्यावर जाई, कोपऱ्यातून दुसऱ्या भिंतीवर, तिथून तारखांवरून लहरत खाली. सगळी खोली हलल्यासारखी वाटत होती. अप्पांनी पेन्सिल उचलली नाही, खूण केली नाही.

माईंचा हात थांबला. त्या वर बघत होत्या.

"वसंताला असंच दिसलं असेल का हो?"

अप्पांनी भिंतीकडे पाहिलं. "तिकडे हिरवं होतं," ते म्हणाले. "बाकी असंच."

माईंनी सुपारीचं एक खांड मला दिलं, एक त्यांच्यापुढे धरलं. जन्मात सुपारी न खाल्लेल्या अप्पांनी ते मुकाट्यानं घेतलं आणि तोंडात टाकलं.